पावणेपाचचा घोळ : एका कार्यशाळेनंतरचं प्रकरण

"मूल्यमापनाची कार्यशाळा पुन्हा घ्यावी लागेल असं दिसतंय. तारखा सुचवा."

मुख्याध्यापिकांचा हा मेल आला तेव्हा पहिली कार्यशाळा होऊन जेमतेम नऊ आठवडे झाले होते. ती आखली होती मीच. या शाळेत मी अर्धा वेळ विज्ञान शिकवतो आणि अर्धा वेळ शिक्षकांच्या व्यावसायिक विकासाचं, स्टाफरूमच्या भाषेत 'पीडी'चं, काम बघतो. त्यामुळे 'पुन्हा' हा शब्द मला जरा जास्तच लागला. आधी वाटलं, मार्गदर्शक निवडण्यात आपलं चुकलं. मग वाटलं, आमचे शिक्षकच मनावर घेत नाहीत. दोन्ही अंदाज साफ चुकले.

शाळा आणि ते तीन दिवस

शाळा आयबीची, म्हणजे इंटरनॅशनल बॅकलॉरिएट या संस्थेचा अभ्यासक्रम शिकवणारी. ही संस्था 1968 मध्ये जिनिव्हात सुरू झाली. 11 ते 16 वयाच्या मुलांसाठीचा तिचा मिडल इयर्स प्रोग्राम, म्हणजे एमवायपी, 1994 पासूनचा. आमच्या या विभागात 26 शिक्षक. चेहरे सतत बदलणारे, कारण आंतरराष्ट्रीय शाळांत पहिला करार बहुधा दोन वर्षांचा असतो आणि तो संपत आला की माणसं पुढच्या देशाची चौकशी करू लागतात. शिकून तयार झालेला माणूसच नेमका विमानात बसतो.

एमवायपीत गुण देण्याची रीत नवख्याला बुचकळ्यात टाकते. प्रत्येक विषयाला चार निकष, ए ते डी. प्रत्येक निकषावर 0 ते 8 पैकी एक पूर्ण पातळी, अर्धी-पाऊण नाही. 1-2, 3-4, 5-6 आणि 7-8 अशा जोड्या, आणि प्रत्येक जोडीत कसं काम बसतं याचं लिखित वर्णन. हातातलं काम कोणत्या वर्णनाशी सगळ्यात जास्त जुळतं ते शिक्षकाने ठरवायचं. वर्षभरात प्रत्येक निकष किमान दोनदा तपासायचा. वर्षाच्या शेवटी मात्र सरासरी काढायची नाही. सगळं काम समोर मांडून मूल आता कुठवर पोचलंय याचा निवाडा करायचा. चार निकषांची बेरीज 32 पैकी होते आणि त्या बेरजेवरून 1 ते 7 मधली श्रेणी लागते.

कार्यशाळा या निवाड्यावरच होती. तीन दिवस, साधारण 15 तास. मार्गदर्शक बाई मुरलेल्या होत्या. स्लाइड मोजक्या, मुलांच्या वह्यांच्या प्रती भरपूर. दुसऱ्या दिवशी त्यांनी एकच निबंध सगळ्यांना तपासायला दिला आणि चारचार जणांत भांडायला लावलं. जेवणाच्या सुट्टीतही लोक त्या निबंधावरच बोलत होते, आणि हे आमच्या स्टाफरूममध्ये सहसा घडत नाही. शेवटच्या फीडबॅक फॉर्मवर 26 पैकी 24 जणांनी 'अतिशय उपयुक्त' यावर खूण केली. उरलेल्या दोघांतल्या एकाची तक्रार एसीबद्दल होती.

पहिल्या सत्राचे रिपोर्ट आले आणि मुख्याध्यापिकांनी कपाळाला हात लावला. पातळ्यांशेजारी टक्के, दशांश चिन्हापुढे दोन आकडे, आणि शेऱ्यांत 'चांगला प्रयत्न, अजून मेहनत हवी'. येरे माझ्या मागल्या. त्यांनी काढलेला निष्कर्ष त्यांच्या जागी कोणीही काढला असता: शिक्षकांना विषय कळलेला नाही, सबब पुन्हा शिकवा.

चिठ्ठी

तारखा सुचवण्याआधी मी एक आठवडा मागून घेतला. प्रत्येक शिक्षकाला एक चिठ्ठी दिली. तिच्यावर एका काल्पनिक मुलीच्या निकष बीच्या वर्षभरातल्या पातळ्या होत्या, काळाच्या क्रमाने: 3, 4, 6, 6. प्रश्न एकच, वर्षअखेरची पातळी कोणती आणि का.

23 जणांनी 6 लिहिलं. कारणंही बिनचूक: मुलगी आता सलग दोनदा सहाचं काम करते आहे, सुरुवातीचे तीन-चार हे तिच्या शिकण्याचा भाग होते. म्हणजे कार्यशाळेतलं सगळं डोक्यात शाबूत होतं. मग त्यांच्याच परवानगीने मी त्यांच्या गुणनोंदी उघडल्या आणि असाच चढत जाणारा आलेख असलेली मुलं शोधली. तिथे सहा कुठेच नव्हता. तिथे होता पावणेपाच. सॉफ्टवेअर चारही आकड्यांची बेरीज करून चाराने भागत होतं, 4.75 काढत होतं, ते 5 करून रिपोर्टवर छापत होतं आणि शेजारी टक्केही देत होतं.

गणिताच्या शिक्षिकेला मी विचारलं, "मॅडम, चिठ्ठीवर तुम्ही सहा लिहिलंत. इथे पाच कसे?"

"चिठ्ठीवर तुम्ही मला विचारलंत, सर. इथे मला कोणी विचारतच नाही. मी आकडे भरते, पुढचं ते स्वतःच करतं."

घोडं पेंड खात होतं ते इथे. सॉफ्टवेअरने काढलेला आकडा बदलायची सोय होती, नाही असं नाही. पण त्यासाठी प्रत्येक मुलामागे वेगळा फॉर्म भरून समन्वयकाची मंजुरी घ्यावी लागे. गुणांची खैरात होऊ नये म्हणून काही वर्षांपूर्वी कोणीतरी ही अट घातली होती. तेव्हा ती शहाणपणाचीही वाटली असेल. मंजुरी देणाऱ्यांच्या यादीत माझंही नाव होतं. माझ्याकडे कधीच एकही फॉर्म आला नव्हता आणि त्याचं मला कधी नवल वाटलं नव्हतं. ही कबुली दिल्याशिवाय बाकीचं सांगण्यात अर्थ नाही.

या घोळाची किंमत मुलांना मोजावी लागत होती. एका मुलाच्या चार निकषांच्या सरासऱ्या 5, 4, 5, 4 येत होत्या, बेरीज 18. एमवायपीच्या तक्त्यात 15 ते 18 ला श्रेणी 4. शिक्षकांनी कामं पुढ्यात घेऊन निवाडा केला तेव्हा आकडे झाले 6, 5, 5, 4, बेरीज 20. 19 ते 23 ला श्रेणी 5. वह्या त्याच, मूल तेच, फरक फक्त आकडा कोणी काढला याचा.

शिक्षक-प्रशिक्षण कसं तपासावं यावर थॉमस गस्की यांनी 2000 मध्ये पाच पायऱ्या मांडल्या. सहभागींना ते आवडलं का, ते शिकले का, संस्थेने साथ दिली का, शिकलेलं वापरलं गेलं का, आणि शेवटी मुलांना काय मिळालं. आमच्या फीडबॅक फॉर्मने पहिली पायरी मोजली होती. चिठ्ठीने दुसरी मोजली. मुख्याध्यापिकांना चौथी ढासळलेली दिसली आणि त्या तडक दुसरीची डागडुजी करायला निघाल्या. तिसरी कोणी बघितलीच नव्हती. मी ही मांडणी कितीतरी सादरीकरणांत दाखवली आहे, आणि तरीही तिसऱ्या पायरीवर मीच बसलोय हे मला दिसलं नव्हतं.

सत्तर म्हणजे किती?

टक्क्यांचा मामला वेगळा होता, आणि आंतरराष्ट्रीय शाळेतच तो इतका बिकट होतो. ब्रिटिश विद्यापीठात शिकलेल्या माणसाच्या मनात 70 टक्के म्हणजे प्रथम वर्ग. अमेरिकी शाळेत घडलेल्याला तेच 70 म्हणजे काठावरचा सी. आमच्या एका टेबलाभोवती असे दोघे बसतात, आणि तिसरा अशा पद्धतीतून आलेला असतो जिथे नव्वदच्या खाली काही मोजतच नाहीत. प्रत्येकाला आपला सत्तर हाच खरा सत्तर वाटतो. तीच गत पालकांची.

आता 8 पैकी 6 याचे टक्के काढा: 75. एका घरी पेढे, दुसऱ्या घरी ट्यूशन. 4 चे होतात 50, आणि 50 हा आकडा बहुतेकांच्या कानाला 'जेमतेम पास' असाच ऐकू येतो. 3-4 च्या वर्णनात काय लिहिलंय ते मग कोण वाचणार? शिक्षकांनाही हे ठाऊक होतं. म्हणून काहीजण आधी मनात टक्के ठरवत आणि त्यांना शोभेल अशी पातळी मागाहून शोधत. एका शिक्षकाने हे मला दार लावून घेऊन सांगितलं.

दुसरी कार्यशाळा रद्द

मुख्याध्यापिकांपुढे मी चिठ्ठ्या आणि गुणनोंदी शेजारीशेजारी ठेवल्या. त्यांना पटायला दहा मिनिटं लागली. सॉफ्टवेअर बदलायला सात आठवडे लागले, कारण सरासरीचा रकाना बंद करायचा तर रिपोर्टचा साचा बदलावा लागतो, साचा बदलायचा तर पालकांना कळवावं लागतं, आणि पालकांना कळवायचं तर आधी संचालक मंडळाला. त्या बैठकांचं वर्णन मी गाळतो. शेवटी रिपोर्टवरून टक्के गेले, पातळी आणि तिचं वर्णन राहिलं, आणि आकडा बदलायला मंजुरीची अट उरली नाही.

पण मंजुरी काढली म्हणजे निवाडा सारखा होतो असं नाही. सव्वीस जण सव्वीस प्रकारे सहा द्यायला मोकळे झाले, एवढंच. इथे शिक्षक-प्रशिक्षणाचे अभ्यासक ब्रूस जॉइस आणि बेव्हर्ली शॉवर्स आठवले. 1980 च्या त्यांच्या मांडणीत प्रशिक्षणाचे पाच घटक येतात: सिद्धांत, प्रात्यक्षिक, सराव, प्रतिसाद, आणि वर्गात परतल्यावर सोबतीने मिळणारं मार्गदर्शन. तीन दिवसांच्या कार्यशाळेत पहिले तीन पुरेपूर होते आणि चौथा थोडासा. पाचवा तीन दिवसांत बसूच शकत नाही, कारण तेव्हा आपला वर्ग समोर नसतो. निबंध परका, ते मूल परकं.

तासांचा हिशेबही मी करून पाहिला. योन आणि सहकाऱ्यांनी 2007 मध्ये तेराशेहून जास्त अभ्यास चाळले, त्यातले अवघे 9 त्यांच्या कसोटीला उतरले. त्या नऊपैकी ज्यांत 14 तासांहून जास्त प्रशिक्षण होतं, तिथे मुलांच्या प्रगतीवर परिणाम दिसला. आमचे 15 तास कागदावर त्या रेषेपलीकडे होते. पण ते नऊही अभ्यास प्राथमिक शाळांतले होते, आणि सलग तीन दिवसांत उरकलेले 15 तास आणि वर्षभर पसरलेले 15 तास यांना एकाच वजनाने तोलणं मला पटत नाही.

म्हणून दुसऱ्या कार्यशाळेचे पैसे बदली तास घेणाऱ्या शिक्षकांवर खर्च केले आणि वेळ काढली स्टाफ मीटिंगमधून. सूचना मेलने जाऊ लागल्या. दर पंधरा दिवसांनी 45 मिनिटं मोकळी झाली. त्या वेळात विषयवार बसायचं, एका मुलाचं काम सगळ्यांनी तपासायचं आणि ताडून पाहायचं. आमच्याकडे याला 'मॉडरेशन' म्हणतात.

पहिली बैठक, आणि तिसरी

विज्ञानाच्या पहिल्या बैठकीत आम्ही सहा जण होतो. पुढ्यात सोळा वर्षांच्या एका मुलाने आखलेला प्रयोग: पाण्याचं तापमान वाढवलं तर साखर विरघळायला किती वेळ लागतो. निकष बी, म्हणजे प्रश्न मांडणं आणि प्रयोगाची आखणी. सहा जणांनी दिलेल्या पातळ्या: 3, 4, 5, 5, 6, 7.

तीन देणाऱ्याला तक्ता गचाळ वाटला होता. सात देणारीने अक्षर ओळखलं होतं: "हा वर्गात याहून कितीतरी छान सांगतो." दोन्ही कारणांचा निकषाशी काडीचा संबंध नव्हता. खरा वाद उरला तो पाच आणि सहाच्या मध्ये, आणि तो फार चांगला वाद होता. शेवटच्या वर्षाच्या वर्णनांत पायऱ्या क्रियापदांवर उभ्या आहेत: आधी नुसतं सांगणं, मग थोडक्यात मांडणं, मग वर्णन करणं, मग स्पष्ट करणं. मुलाने लिहिलं होतं, 'पाणी दर वेळी 200 मिली घेईन आणि ढवळण्याचा वेग सारखा ठेवीन.' हे वर्णन झालं. सारखा वेग का ठेवायचा, आणि हाताने ढवळताना तो सारखा राहिलाय हे कळणार कसं, याबद्दल अवाक्षर नाही. स्पष्टीकरण इथे नाही, म्हणून सात नाहीच. मग वर्णन पुरतं आहे म्हणून सहा, की एक घटक निसटलाय म्हणून पाच? 45 मिनिटं याच्यातच गेली आणि निर्णय झाला नाही.

उठताना आमचे सगळ्यात ज्येष्ठ शिक्षक म्हणाले, "वीस वर्षं परीक्षक म्हणून काम केलंय मी. आता मार्क द्यायला शिकायचंय का तुमच्याकडून?" पुढच्या बैठकीला ते आले नाहीत. त्यांचं रागावणं मला चुकीचं वाटत नाही. दुसऱ्या परीक्षा पद्धतीत त्यांचा हात बसलेला होता, तिथे प्रत्येक योग्य मुद्द्याला एक गुण असतो, आणि ती पद्धत प्रामाणिकच आहे. इथे त्यांच्या सगळ्या कसबाला कोणी किंमतच देत नाही असं त्यांना वाटलं.

तिसऱ्या बैठकीत मी स्वतः तपासलेलं काम ठेवलं, नाव काढून, टाइप करून. मी दिलेली पातळी झाकली होती. सगळ्यांनी न बोलता आपापला आकडा लिहिला आणि मग माझा उघडला. मी दोनने जास्त दिले होते. कारण शोधायला वेळ लागला नाही: मुलाने मी वर्गात वापरलेला दाखला जसाच्या तसा परत केला होता आणि मी खुश झालो होतो. समन्वयकाचं चुकलेलं बघायला सगळे आवर्जून हजर होते, ज्येष्ठ शिक्षकही. पुढच्या वेळी त्यांनी स्वतःचं एक काम आणलं, न सांगता.

दोन नियम त्यानंतर आपोआप पडले. आकडा आधी लिहायचा आणि मग तोंड उघडायचं. आणि वाद घालताना बोट वर्णनातल्या शब्दावर हवं, मुलावर नको.

बैठकांच्या मधल्या आठवड्यात दोघांनी एकमेकांच्या वर्गात जाऊन बसायचं असंही ठरलं होतं. ते सात-आठ जणांनीच केलं. बाकीच्यांचा ऑफ तास कुठे ना कुठे खर्ची पडायचा. याची मला खंत आहे, कारण पुरावा याच बाजूला जास्त आहे. क्राफ्ट, ब्लेझर आणि होगन यांनी 2018 मध्ये शिक्षकांना मिळणाऱ्या अशा वैयक्तिक मार्गदर्शनाचे 60 अभ्यास एकत्र केले. शिकवण्याच्या दर्जावर सरासरी 0.49 प्रमाण विचलन (आकडे सरासरीभोवती किती पसरलेत ते मोजणारं एकक) एवढा परिणाम दिसला, मुलांच्या संपादणुकीवर 0.18. कार्यक्रम मोठा होत गेला की परिणाम कमी होतो हेही त्यांनीच नोंदवलं आहे.

वर्गातला फरक मला ज्येष्ठ शिक्षकांकडूनच कळला. ते कामावर आकडा न लिहिता वर्णनातला लागू पडणारा शब्द अधोरेखित करून वही परत देऊ लागले होते. आकडा दोन दिवसांनी. रूथ बटलर यांच्या 1988 च्या अभ्यासात नुसते शेरे मिळालेल्या मुलांचं पुढचं काम सुधारलं होतं आणि शेऱ्यासोबत गुणही मिळालेल्यांचं तसं सुधारलं नव्हतं. हे मी त्यांना सांगितलेलं नव्हतं, त्यांना आपलं आपण सुचलं. "मुलगी विचारायला आली," ते म्हणाले, "एक मार्क का कापला असं नाही. वर्णनाचं स्पष्टीकरण करायचं तर काय वाढवू, असं." हे त्यांनी स्टाफरूममध्ये तीनदा सांगितलं. गस्कींचं 1986 चं म्हणणं आहे की शिक्षकाची श्रद्धा आधी बदलत नाही, मुलांमध्ये काही घडलेलं दिसलं की मागून बदलते. आम्ही कार्यशाळेतच श्रद्धा बदलायला निघालो होतो.

वर्षअखेर

विज्ञान आणि इतिहास-भूगोल या गटांत शेवटच्या तीन बैठकांत आकडे शेजारशेजारी आले, एका पातळीच्या आत. गणितात आधीही फारसा फरक नव्हता. कलेच्या गटात अंतर तसंच राहिलं, आणि ते बुजवायलाच हवं का याबद्दल माझं मत अजून बनलेलं नाही.

पालकांच्या बैठकीत अपेक्षेपेक्षा कमी आरडाओरडा झाला. टक्के गेल्याची तक्रार काहींनी केली. मुलांनी टक्के घरीच काढायला सुरुवात केली, हे मात्र आम्ही धरलं नव्हतं.

वर्षअखेरच्या श्रेणी वाढल्या. संचालक मंडळाने अभिनंदनाचा मेल पाठवला आणि मला उलट उत्तर द्यावं लागलं. श्रेणी वाढल्या त्या बऱ्याचशा सरासरी काढणं थांबलं म्हणून. मोजपट्टीच बदलल्यावर उंची वाढली म्हणणं बेइमानी होईल. मुलं खरोखर जास्त शिकली का हे बघायचं तर नव्या मोजपट्टीने निदान आणखी दोन वर्षं मोजावं लागेल, आणि तोवर आयबीचं पाच वर्षांतून एकदा होणारं मूल्यांकन येऊन ठेपेल. माझं उत्तर फारसं आवडलं नसावं. त्यावर काही आलं नाही.

26 पैकी सात जण करार संपवून गेले, गणिताच्या मॅडमही. त्यांच्या जागी आलेल्या सात जणांपैकी चौघांनी एमवायपी कधी शिकवलेलं नाही. पहिल्याच आठवड्यात त्यांना चिठ्ठी दिली आणि दोघांनी 4.75 लिहिलं, दशांशासकट. त्यांना कार्यशाळा लागेल, खरीखुरी, तीन दिवसांची. तिच्या तारखा मी या वेळी स्वतःहून सुचवल्या आहेत, पण मॉडरेशनच्या बैठकांचं वेळापत्रक आधी लावून.

त्याच आठवड्यात सॉफ्टवेअरचं नवं व्हर्जन आलं आणि सरासरीचा रकाना मूळ सेटिंगप्रमाणे आपोआप चालू झाला. ते माझ्या लक्षात आलं नव्हतं. ज्येष्ठ शिक्षकांचा मेल आला, सगळ्या विभागाला, एका ओळीचा: "पावणेपाच परत आलेत."